दोन तालुक्यांची पत

पहाटे साडेपाच. कर्जत स्टेशनबाहेर पाऊस नुकताच उघडलाय आणि बायकांच्या पाट्या मांडून झाल्यात. श्रावण म्हणजे करटोली, कुर्डू, भारंगी. काही जणी पहिल्या टमटमनं येतात, काही त्याआधीच वाडीवरून चालत निघालेल्या असतात. मी दहिवलीहून इथं येते ती भाजीसाठी आणि भाव बघण्यासाठीही. पाच-सहा पाट्या असल्या की करटोलीचा वाटा ज्या भावानं सुरू होतो, जवळपास त्याच भावानं संपतो. पंधरा पाट्या आल्या की साडेसातच्या आत भाव निम्म्यावर येतो. मग एक व्यापारी येतो आणि उरलेल्या पाट्या उक्त्या उचलतो. माल तोच, बाई तीच. पाट्यांच्या मानानं समोर घेणारे किती उभे आहेत, एवढाच फरक. बाजाराची खोली म्हणतात ती हीच. जास्तीचा माल आला किंवा एकदम मोठी गरज निघाली, तर भाव किती हलतो? थोडा हलला तर बाजार खोल, कोसळला तर उथळ. सरकारी रोख्यांचा बाजार असो की करटोलीचा, कसोटी बदलत नाही.

पैसाही विकला जातो आणि विकत घेतला जातो. त्याची खोली या दोन तालुक्यांत कुठं किती, हे बघणं माझ्या कामाच्या आतच बसतं, असं मी धरून चालते.

सात. घरी भाकरी, डबा, फॉर्मांचा गठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत. रिझर्व्ह बँकेच्या योजनेतलं आमचं वित्तीय साक्षरता केंद्र. तीन तालुक्यांमागे एक केंद्र असतं, त्यातले कर्जत आणि खालापूर माझ्याकडे. लोक ही दोन नावं एका दमात घेतात, पण कर्जतचं पाणी उल्हास नदीतून कल्याणकडे जातं आणि खालापूरचं पाताळगंगेतून धरमतरच्या खाडीत. पैशाचीही वाट वेगळी आहे. कर्जतमध्ये भात, रानातला माल, फार्महाऊस आणि मुंबईला जाऊन येणारा नोकरदार. खालापुरात खोपोलीचे कारखाने, पाताळगंगा-रसायनीची औद्योगिक वसाहत आणि २००२ पासून पूर्ण खुला झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग.

साडेआठ. कशेळ्याच्या पुढच्या एका ग्रामपंचायतीत मेळावा. जनधन योजना २८ ऑगस्ट २०१४ ला सुरू झाली. तेव्हाच्या खात्यांना आता दहा वर्षं होऊन गेली, म्हणून केवायसी पुन्हा करायचं आहे. यंदा, २०२५ मध्ये, १ जुलैपासून सप्टेंबरअखेरपर्यंत ग्रामपंचायतवार हे मेळावे चाललेत. ओटीवर बायकांची रांग, कोपऱ्यात बँकमित्राचं यंत्र, बाहेर रेंज शोधत फिरणारा त्याचा मदतनीस.

पहिल्या तासात दोनच अडचणी पुन्हापुन्हा येतात. एक, रेंज. दुसरी, अंगठा. लावणीत चिखलात राबलेल्या, लाकूडफाट्यानं घासलेल्या बोटांचे ठसे यंत्र ओळखत नाही. एक आजी चारही बोटं आळीपाळीनं लावून बघतात. मग मी त्यांचे हात कोमट पाण्यानं धुवायला सांगते, कोरडे करायला फडकं देते, आणि अनामिकेवर यंत्र हिरवं होतं. आजीचे लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये येतायत की नाही हे त्यांना महिनाभर कळलेलं नव्हतं. आलेत. त्या बँकमित्राकडून ५०० काढतात, बाकीचे राहू देतात.

याच मेळाव्यात मी विमाही समजावते. वर्षाला २० रुपयांत अपघाताचं दोन लाखांचं संरक्षण, ४३६ रुपयांत आयुर्विम्याचं दोन लाखांचं. सर्पदंशानं मेलेल्या माणसाच्या घरचे समोर बसलेले असतात, त्यामुळे हे फार समजावावं लागत नाही. समजवायला लागतं ते दावा कसा करायचा, आणि किती दिवसांत.

रांग ओसरल्यावर एक बाई विचारतात, “ताई, खात्यावर पैसे येतात ते ठीक. पण उद्या पोरगी आजारी पडली नि दहा हजार लागले, तर ही बँक देल का?”

मी खरं तेच सांगते. तुमच्या एकटीला उद्या देणार नाही. तुमचा गट नीट चालत असेल तर गटाला देईल, तेही पंधरा-वीस दिवसांनी. मग आम्ही तिथंच, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, दहा हजारांचा हिशोब मांडतो. श्रावणात घेतले, भात निघाल्यावर मार्गशीर्षात फेडले, म्हणजे चार महिने. बँकेकडून महिला गटाला तीन लाखांपर्यंतचं कर्ज ७ टक्क्यांनी मिळतं. चार महिन्यांचं व्याज २३३ रुपये. गटाच्या स्वतःच्या बचतीतून शेकडा दोननं घेतले तर ८०० रुपये. वाण्याकडून किंवा सावकाराकडून शेकडा दहानं घेतले तर ४,०००. फळ्यावर तीन आकडे एकाखाली एक आले की कुजबुज होते. हे शेकडे महिन्याचे असतात आणि बँकेचे टक्के वर्षाचे, हे शाळेत कुणी शिकवलेलं नसतं. माझ्या मते या तालुक्यात शिकवण्यासारखी पहिली गोष्ट हीच आहे.

साडेदहा. टमटम भरायची वाट बघत कशेळ्यात थांबते. या गावाशी एक जुनी गोष्ट जोडलेली आहे आणि ती मला आजही कुठल्याही बँकेच्या शाखेइतकी मोलाची वाटते. इथल्या अॅकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेनं आदिवासी वाड्यांत धान्य बँका उभ्या केल्या. आषाढ-श्रावणात घरातलं भात संपतं. पूर्वी सावकाराकडून भात आणायचं आणि पीक आल्यावर दिढीनं किंवा दुपटीनं परत करायचं. धान्य बँकेत भात वाडीचंच, राखणारे वाडीचेच, आणि वाढ सावकारापेक्षा खूप कमी. पुढे १९९६-९७ पासून केंद्र सरकारनंही आदिवासी गावांसाठी धान्य बँकेची योजना आणली.

धान्य बँकेचं शहाणपण आकड्यांत पाहिलं तर कळतं. श्रावणात भात महाग असतं, मार्गशीर्षात स्वस्त. सावकारानं दिलेलं भात श्रावणातल्या भावानं पैशांत नोंदलं, तर पीक आल्यावर भात देऊन फेडताना व्याजाआधीच जास्त मण जातात. कर्ज भातात आणि फेडही भातात ठेवली की भावाचा हा फटका बसत नाही. मोठ्या देशांना परकी चलनातलं कर्ज जसं महागात पडतं, तोच धोका इथं मणांत होता आणि वाडीनं तो मणांतच संपवला.

बारा. कर्जतला पंचायत समितीत तालुकास्तरीय बँकर्स समितीची तिमाही बैठक. शाखाधिकारी, गटविकास अधिकारी, उमेदचे म्हणजे ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचे लोक, जिल्ह्याच्या अग्रणी बँकेचे म्हणजे बँक ऑफ इंडियाचे अधिकारी. अग्रणी बँक ही कल्पनाच मुळात एका मराठी अर्थतज्ज्ञाच्या अभ्यासगटातून आली. धनंजयराव गाडगीळांच्या गटानं १९६९ मध्ये सांगितलं की बँकांनी एकेक जिल्हा हा एकेक प्रदेश म्हणून हाती घ्यावा, आणि त्याच वर्षाच्या शेवटी रिझर्व्ह बँकेनं योजना सुरू केली. छप्पन वर्षांनी तीच चौकट वापरून आम्ही टेबलाभोवती बसलोय.

बैठकीत सगळ्यांचा जीव सीडी रेशोत असतो. शंभर रुपयांच्या ठेवींमागे किती रुपयांचं कर्ज त्याच भागात दिलं, तो आकडा. जिल्ह्याचा ४० टक्क्यांच्या खाली गेला तर खास उपसमिती नेमावी लागते. देशादेशांची तुलना करताना जागतिक बँक खासगी कर्जाचं जीडीपीशी प्रमाण बघते. तालुक्याचं उत्पन्न कुणी छापत नाही, म्हणून आमच्या हाती हाच आकडा.

आणि तो दोन्ही तालुक्यांत फसवतो. कर्जतमध्ये एखाद्या कुटुंबानं फार्महाऊसवाल्याला दोन एकर विकले की पैसा मुदत ठेवीत येऊन बसतो. ठेव वाढली, कर्ज तेवढंच, म्हणजे रेशो घसरला. कागदावर बँक आळशी ठरते, प्रत्यक्षात शेत गेलेलं असतं आणि पीककर्ज घेणारा एक शेतकरी कमी झालेला असतो. खालापुरात उलटं. पाताळगंगेच्या कारखान्याचं कर्ज मुंबईच्या शाखेत मंजूर होतं आणि मंजुरीच्या जागेप्रमाणे मोजलं तर ते मुंबईचं दिसतं, वापराच्या जागेप्रमाणे मोजलं तर खालापूरचं. रिझर्व्ह बँक या दोन्ही पद्धतींची आकडेवारी ठेवते. कुठली घ्यायची त्यावर खालापूर उथळ की खोल हे ठरतं! मी हे बैठकीत बोलते. एक तरुण शाखाधिकारी मान हलवून लिहून घेतात आणि जेवणाच्या सुट्टीत वनपट्ट्यांची अडचण स्वतःहून काढतात. २००६ च्या वनहक्क कायद्यानं मिळालेला पट्टा वारसांना जातो, पण विकता येत नाही, हस्तांतर होत नाही. मग तारण काय? मी म्हणते, साहेब, पीककर्जाला दोन लाखांपर्यंत तारण मागायचंच नाही, १ जानेवारी २०२५ पासूनची मर्यादा आहे. ते म्हणतात, ठाऊक आहे, पण वर फाइल गेली की पट्टा बघून प्रश्न येतो. प्रश्न आला तर मला फोन करा, मी अर्जदाराला घेऊन येते, असं ठरतं.

दोन. खोपोली लोकल. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी, खोपोली. डब्यात समोर एक ओळखीचा नेपाळी आचारी. महामार्गावरच्या हॉटेलात कामाला आहे, कर्जतला भावाकडे आला होता. फोनवर तो गावाकडच्या एका जलविद्युत कंपनीच्या शेअरसाठी अर्ज भरतोय. दहा कित्ता म्हणजे दहा शेअर, शंभर रुपयांचा एक. नेपाळमध्ये जलविद्युत प्रकल्प ज्यांच्या भागात होतो त्या स्थानिकांसाठी दहा टक्क्यांपर्यंत शेअर राखून ठेवतात, हे त्यानंच मला मागे सांगितलं होतं. काठमांडूचा शेअर बाजार १९९४ मध्ये सुरू झालेला, लहानसा. तरी त्याच्या गावात घरोघर डिमॅट खातं.

गाडी खोपोलीत शिरते तेव्हा घाटावरून उतरणारे टाटांचे जलवाहक पाइप दिसतात. खोपोलीचं वीजगृह १९१५ चं. कंपनी १९१० साली निघाली, भांडवल मुंबईच्या पेढ्यांतून आणि संस्थानिकांकडून उभं राहिलं. ज्यांच्या शिवारात ते पाणी खाली उतरलं त्यांच्या हाती त्या वेळी एकही शेअर आला नसावा, असं मला वाटतं. पुढे नेपाळनं त्यावर निदान एक उत्तर शोधलं.

पण नेपाळचा हेवा करायला मी तयार नाही. तिथं खासगी कर्जाचं जीडीपीशी प्रमाण भारतापेक्षाही बरंच मोठं आहे, म्हणजे पुस्तकी मापानं बाजार खोल. त्याच देशात २०२३ मध्ये लघुवित्ताच्या कर्जात बुडालेली माणसं रस्त्यावर आली. दुसरीकडे मॉरिशस, जिथं कोकणातून गेलेली मराठी कुटुंबं पिढ्यान् पिढ्या नांदतायत. १९८२ च्या करविषयक करारामुळे भारतात येणारी परकी गुंतवणूक वर्षानुवर्षं त्या बेटावरून वळून आली. २०१६ मध्ये करार बदलला. पैसा तिथं थांबत नव्हता, तिथून जात होता, पण आकडे मात्र बेटाच्या नावावर. एका देशात माणसं बाहेर जाऊन पैसा घरी पाठवतात, दुसऱ्यातून पैसाच ये-जा करतो. कर्जत आणि खालापूर मला थोडे तसेच वाटतात. खालापूरच्या टोलनाक्यावरून रोज केवढी संपत्ती जाते! सांगडेवाडीजवळ २०१३ मध्ये इमॅजिका हे मनोरंजन उद्यान उघडलं आणि त्याची कंपनी २०१५ साली शेअर बाजारात आली. यातलं तालुक्यात मुरतं किती, ते नाक्यावर उभं राहून कळत नाही.

साडेतीन. खोपोलीच्या एका वस्तीत बायकांची बैठक. नवरे कंत्राटी कामगार, काही जणी स्वतः कंपनीत पॅकिंगला. इथं पैसे देणाऱ्यांची कमतरता नाही. एका गल्लीत चार-पाच मायक्रोफायनान्स कंपन्यांचे गट, प्रत्येकाचा वार वेगळा. दर वर्षाला वीस टक्क्यांच्या वर. शिवाय फोनवरची ॲपं. एक बाई हप्त्यांची कार्डं पसरून दाखवते: सोमवारचा हप्ता भरायला गुरुवारच्या गटातून उचललेलं कर्ज, आणि त्याला भावजयीच्या नावावरचं तिसरं. २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. मी तिच्यासमोर बेरीज करते. निम्म्याच्या वर गेलेत.

कर्ज देणारे पाच असले म्हणजे बाजार खोल झाला, असं पुस्तक वाचून वाटेल. पण पाचही जण एकाच भावानं, एकाच मुदतीचं, एकाच प्रकारचं कर्ज देत असतील, तर तिच्यासमोर एकच दार पाच वेळा उभं आहे. मुदत लांबवणारा कुणी नाही, दर उतरवणारा कुणी नाही. आम्ही दोन कामं ठरवतो: नवं कर्ज बंद, आणि सगळ्यांत महागडं ॲपचं आधी फेडायचं. तिची सासू मध्येच म्हणते, मंगळसूत्र ठेवून सोनेतारणावर घेऊ का? मी दर विचारून बघते. या वेळी ते खरंच स्वस्त पडतं, म्हणून हो म्हणते.

पाच. खालापूर तालुक्यातलीच एक कातकरवाडी. पुढे पाताळगंगेच्या कारखान्यांच्या चिमण्या. त्या वसाहतीतला रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना १९८२ चा. कंपनीनं १९७७ मध्ये पहिल्यांदा शेअर विकले आणि पुढची काही वर्षं परिवर्तनीय कर्जरोख्यांच्या एकामागून एक मालिका काढून लाखो छोट्या गुंतवणूकदारांकडून पैसा उभा केला. गिरगाव-दादरच्या मध्यमवर्गानं शेअरचे अर्ज भरायला शिकून घेतलं ते याच काळात. देशातल्या सर्वांत खोल बाजाराचा पैसा या नदीकाठी उतरला, आणि वाडीला आजही पैसा मिळतो तो मुकादमाकडून.

पावसाळ्यात काम नसतं. गणपती तोंडावर. मुकादम वाडीवर येतो आणि वीटभट्टीसाठी उचल देतो, जोडीमागे. उचलीला व्याज नाही. म्हणून लोकांना ती बँकेपेक्षा बरी वाटते, आणि मी कधीही त्यांना वेडं ठरवत नाही, कारण ऐन श्रावणात दारात येऊन रोख देणारा तोच एक असतो. व्याज असतं ते हजार विटांच्या दरात. उचल घेतलेल्या जोडीला दर ठरवता येत नाही, भट्टी बदलता येत नाही. दिवाळीनंतर निघायचं, भिवंडी-कल्याणकडे, कुणी थेट कर्नाटकात. आठवड्याला खर्ची मिळते, तीही खात्यात मांडली जाते. पावसाच्या आधी हिशोब होतो आणि पुष्कळदा बाकी अंगावर राहते, ती फेडायला पुढचा हंगाम. पोरं शाळेतून जातात ती वेगळी किंमत. वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानं बंद झाली आहे. कायदा माहीत असलेला माणूस वाडीत यायला हवा, तसा दुसरा पैसेवालाही यायला हवा. एकट्या कायद्यानं उचल थांबलेली मी पाहिली नाही.

इथं घेणारा एक आणि देणाराही एकच. पैसा देतो तो मुकादम, श्रम विकत घेतो तो मुकादम. याहून उथळ बाजार मला ठाऊक नाही, आणि तो कर्जतच्या दूरच्या वाड्यांपेक्षा इथं, टोलनाक्याच्या इतक्या जवळ, जास्त उथळ आहे. कशेळ्याच्या बाजूला निदान जुने गट आहेत, धान्य बँकेची आठवण आहे, सवाईनं भात देणारी शेजारीण आहे. ठेवींचे आकडे बघितले तर खालापूर श्रीमंत ठरेल. दहा हजारांची गरज घेऊन दारोदार गेलं तर उत्तर वाडीगणिक बदलतं.

अंगणात बसून बोलणं होतं. एक तरुण जोडपं यंदा उचल घ्यायची नाही म्हणतंय. बाई उमेदच्या नव्या गटात आहे. “पण गणपतीला काय करायचं ताई? आणि पोराच्या वह्या?” किती लागतील विचारते. त्या आठ हजार सांगतात, नवरा बारा. दहावर येतात.

साडेसहा. खोपोलीला परतीच्या गाडीआधी चहा. निवृत्त झालेले एक काका ओळखीचे; भविष्यनिर्वाह निधीचे पैसे आलेत, पतसंस्था एक टक्का जास्त देते म्हणून विचारतात. या जिल्ह्यात तो प्रश्न हलका नाही. २०१० मध्ये पेण अर्बन बँक बंद पडली तेव्हा ठेवींना विमा लाखाचा होता आणि किती म्हाताऱ्यांचं आयुष्य त्यात अडकलं. २०२१ मध्ये पनवेलच्या कर्नाळा नागरी बँकेचा परवाना रद्द झाला, तोवर, ४ फेब्रुवारी २०२० पासून, विमा पाच लाखांचा झालेला. मी सांगते: बँकेत ठेवा, एका बँकेत मुद्दल-व्याज मिळून पाच लाखांच्या आत ठेवा, आणि पतसंस्थेला हा विमा लागू नाही हे घरच्यांनाही सांगा. काका दोन बँकांची नावं पावतीमागे लिहून घेतात.

रात्री साडेनऊ. जेवण झाल्यावर वही. केंद्राला पाठवायचा तक्ता वेगळा: किती मेळावे, किती केवायसी, किती विमा. ही वही माझी. वाडीचं नाव आणि पुढे तीनच रकाने. उद्या दहा हजार लागले तर देणारे किती? चार महिन्यांनी परत किती? दुसरा देणारा आला तर पहिला दर उतरवतो का?

कशेळ्यापुढची वाडी: देणारे तीन. गट ८००, वाणी जुन्या दरानं ४,०००, बँक गटामार्फत २३३ पण वीस दिवसांनी. गट सुरू झाल्यापासून वाण्यानं शेकडा दहाचा आठ केलाय, असं दोघी जणींनी सांगितलं.

खोपोलीची वस्ती: देणारे पाच, दर जवळपास एकच. कुणी उतरवत नाही. सोनेतारण धरलं तर सहा.

कातकरवाडी: देणारा एक. व्याज शून्य, किंमत एक हंगाम.

तिसऱ्या ओळीसमोर उद्याचं काम लिहिते. उमेदच्या तालुका कक्षाला सकाळी फोन: त्या गटाचा फिरता निधी कुठं अडकलाय? गटाचा ठराव आणि पासबुकाची प्रत माझ्याकडे आहे. बँकमित्र दुपारी वाडीवर येऊ शकेल का? गणपती २७ तारखेला. मुकादम त्याच्या चार दिवस आधी येतो, म्हणजे पैसे २२ च्या आत गटाच्या हातात पडायला हवेत.